हायब्रीड कोबी घरच्या बागेत: पाकीट निवडण्यापासून गड्डा कापेपर्यंत

मिरची, टोमॅटो, मेथी जमायला लागली की घरच्या बागेतला पुढचा मोह कोबीचा असतो. कोबी तसा भानगडीचा नाही. त्याला मांडव लागत नाही, छाटणी लागत नाही, परागीभवनाची वाट बघावी लागत नाही. तरीही पहिल्या वर्षी बऱ्याच जणांच्या हाती नुसती पानं लागतात, गड्डा धरतच नाही. मग दोष मातीला, खताला, नाहीतर नशिबाला दिला जातो. माझ्या मते गोम बहुतेक वेळा बियाणाच्या दुकानातच झालेली असते: नको त्या महिन्यात, नको त्या मुदतीचं बी घेतलं जातं. म्हणून इथे वाण निवडण्याबद्दल जास्त लिहितोय. झारीने पाणी घालायला कोणी शिकवावं लागत नाही.

वेळापत्रक पुणे, नाशिक, सातारा, सांगली, मराठवाडा अशा पठारी भागाचं धरलं आहे. कोकण, गोवा आणि विदर्भासाठी काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी येईल.

हायब्रीड म्हणजे नेमकं काय मिळतं

वेगवेगळ्या गुणांच्या दोन शुद्ध ओळी निवडायच्या, त्यांचा संकर करायचा आणि त्या संकराची पहिली पिढी बी म्हणून विकायची. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असतं ते हेच. कोबीत हे काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा जमवलं ते जपानी बियाणं कंपन्यांनी, १९५० च्या सुमारास. कोबीचं झाड साधारणपणे स्वतःच्या परागाने बी धरत नाही, या गुणाचा त्यांनी उपयोग करून घेतला.

हायब्रीडचा मोठा गुण म्हणजे एकसारखेपणा. सगळी रोपं एका मापाची, गड्डे एका वजनाचे, आणि तयारही एकाच आठवड्यात. शेतकऱ्याला हे सोन्यासारखं, कारण एका खेपेत माल काढून बाजारात नेता येतो. शिवाय बरीच हायब्रीड वाणं जुन्या वाणांपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसतात, गड्डा घट्ट धरतात आणि तयार गड्डा चार दिवस जास्त शेतात उभा राहू शकतो.

घरी मात्र हाच एकसारखेपणा अंगावर येतो. एका आठवड्यात आठ गड्डे तयार! शेजारीपाजारी वाटून झाले, तरी घरात सलग चार दिवस कोबीचीच भाजी, आणि मुलांचे चेहरे बघवत नाहीत. त्यावरचा उपाय वाण निवडतानाच करायचा असतो.

आणखी एक. हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर रोपांत मूळ दोन ओळींचे गुण विखुरतात, ती एकसारखी येत नाहीत, हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण आपल्याकडे तो प्रश्न सहसा उभाच राहत नाही. कोबीला फुलावर यायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस. ती आपल्या पठारावर मिळत नाही. म्हणूनच भारतीय कृषी संशोधन संस्थेचं कोबीवर्गीय पिकांचं केंद्र हिमाचलात कुलू खोऱ्यात, कटराईनला आहे. वाण जुनं असो की हायब्रीड, बी विकतच घ्यायचं आहे.

पायरी पहिली: पाकीट वाचा

दुकानदाराला ‘चांगला कोबी द्या’ म्हटलं तर त्याच्याकडे जे आहे ते मिळतं. त्याऐवजी पाकीट हातात घ्या आणि तीन गोष्टी शोधा: हंगाम, मुदत, गड्ड्याचं वजन.

मुदत सगळ्यात महत्त्वाची. लवकर येणारी वाणं ५५ ते ६५ दिवसांत तयार होतात, मध्यम ७० ते ८०, आणि उशिराची ९० च्या पुढे जातात. हे दिवस बहुधा रोपं जागेवर लावल्यापासून मोजलेले असतात. बी टाकल्यापासूनचे नव्हेत. त्याआधीचे २५ ते ३० दिवस रोपवाटिकेचे वेगळे धरायचे. नवखी मंडळी इथे हमखास फसतात.

एक हिशेब करून बघू. ५ ऑक्टोबरला बी टाकलं, ३ नोव्हेंबरला रोपं लावली. वाण ६० दिवसांचं असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गड्डा तयार. म्हणजे गड्डा भरण्याचा काळ डिसेंबरच्या ऐन थंडीत आला. तेच वाण ९५ दिवसांचं असेल तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडतो. तोवरही निभावतं. पण हेच ९५ दिवसांचं बी तुम्ही दिवाळी उरकून, नोव्हेंबरच्या मध्यावर टाकलं, तर गड्डा भरायची वेळ येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा दुपारचा पारा ३२-३४ ला टेकलेला असतो. कोबीला गड्डा धरायला १५ ते २० अंशांची हवा आवडते. मग पानं वाढत राहतात, आत पोकळ, सैलसर गाठ होते आणि संपतं. खत घालून काही होत नाही.

वजनाचंही तसंच. तीन-चार किलोचे गड्डे हॉटेलवाल्यांना हवेत. चौघांच्या घरात ७०० ग्रॅम ते सव्वा किलोचा गड्डा एका आठवड्यात संपतो. मोठ्या गड्ड्याच्या वाणाला जागा जास्त लागते, दिवस जास्त लागतात आणि जोखीमही जास्त. तेव्हा घरासाठी सूत्र साधं ठेवा: लवकर येणारं, लहान, गोल.

आता नावं. सरळ वाणांत, म्हणजे संकर न केलेल्या जुन्या वाणांत, गोल्डन एकर हे जुनंजाणतं नाव. लहान गोल गड्डा, साधारण एक-सव्वा किलोचा, ६०-६५ दिवसांत येतो. थंडी नीट पडणाऱ्या गावात ते आजही उत्तम आहे आणि बी स्वस्त असतं. निव्वळ हायब्रीडच्या हौसेपायी त्याला नाक मुरडू नका. प्राइड ऑफ इंडिया त्याच्याच जातकुळीतलं. पुसा ड्रमहेड चपट्या, मोठ्या गड्ड्याचं आणि उशिराचं. घरच्या वाफ्यात ते घेऊ नका. हायब्रीडमध्ये टाकी या जपानी कंपनीचं के-के क्रॉस उष्णता सोसणारं आणि लवकरचं म्हणून बऱ्याच उष्ण देशांत लावलं जातं. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीचं श्री गणेश गोल हे मध्यम मुदतीचं, आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं. सरकारी संशोधनातून आलेलं पुसा कॅबेज हायब्रीड १ ही आहे, पण ते गावच्या दुकानात मिळेलच असं नाही. बाकी कंपन्या दरवर्षी नवी नावं आणतात. नाव पाठ करण्यापेक्षा मुदत आणि हंगाम बघायची सवय लावा, ती कुठल्याही नावाला चालते.

कोकणात आणि गोव्यात थंडीचा पट्टा अरुंद असतो, डिसेंबर-जानेवारी एवढाच. तिथे ५५-६० दिवसांचं, उष्णता सोसणारं हायब्रीडच घ्या. हायब्रीडवर जास्तीचे पैसे खर्च करणं सगळ्यात जास्त पटतं ते किनारपट्टीवर. विदर्भात उलट, थंडी कडक पण उन्हाळा लवकर चटके देतो. तिथे वेळ साधली तर सरळ वाणही छान येतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडात असाल तर ‘स्टोनहेड’ शोधा. सकाता या कंपनीचं हे लहान, घट्ट गड्ड्याचं हायब्रीड आहे. १९६९ मध्ये त्याला ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ हा नव्या वाणांना दिला जाणारा अमेरिकेतला मान मिळाला आणि ते अजून विकलं जातं. तिथलं वेळापत्रक अर्थात वेगळं, वसंताच्या तोंडाशी बी टाकायचं.

आता आठ गड्डे एकदम येण्यावरचा उपाय. दोन वाणं घ्या, एक ६० दिवसांचं आणि एक ७५ च्या आसपासचं. दोन्हींचं बी एकाच दिवशी टाका. पहिल्याचे चार गड्डे संपत आले की दुसऱ्याचे तयार होतात. हायब्रीड वाणं दिवस पक्के पाळतात, त्यामुळे हा हिशेब जमतो. दोन पाकिटं घ्यायची नसतील तर एकाच वाणाचं बी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा टाका.

पाकिटाच्या मागे वैधतेची तारीख आणि उगवणक्षमता बघाच. एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे-तीनशे बिया असतात. १० ग्रॅमचं पाकीट शेतातल्या लागवडीच्या हिशेबाचं असतं, तुम्हाला सर्वांत लहान पुडी पुरे. बी निळं-गुलाबी दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. हाताळल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पायरी दुसरी: रोपं

घटस्थापनेच्या आसपास बी टाकायचं, दिवाळीच्या सुमारास रोपं लावायची आणि संक्रांतीच्या आसपास पहिला गड्डा कापायचा. तारखा लक्षात राहत नसतील तर एवढं लक्षात ठेवा. सण मागेपुढे होतात, पण पंधरा दिवसांच्या फरकाने काही बिघडत नाही.

रोपं प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीच्या खणांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये) किंवा तळाला भोकं पाडलेल्या कागदी कपांत करा. भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या. प्रत्येक खणात एक बी, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. चौथ्या ते सहाव्या दिवशी मोड वर येतो. ज्या दिवशी पहिला हिरवा ठिपका दिसेल त्याच दिवशी ट्रे उन्हात हलवा. खिडकीत किंवा सावलीत ठेवलेली रोपं दोन दिवसांत दोऱ्यासारखी लांबतात आणि मान टाकतात, ती पुढे कधी सुधारत नाहीत.

रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होत असतील तर ती रोपमर. कारण बहुतेक वेळा एकच: रोज संध्याकाळी घातलेलं पाणी. पाणी सकाळी द्या, वरचा थर सुकला तरच द्या, आणि मिश्रणात सुरुवातीलाच चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

चार-पाच खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन सोडून) आली, खोड पेन्सिलीपेक्षा बारीक पण ताठ झालं की रोप तयार. दीड महिना ट्रेमध्ये अडकून राहिलेलं रोप लावू नका. वाढ एकदा खुंटली की गड्डा लिंबाएवढाच धरतो.

नर्सरीतून तयार रोपं आणायलाही हरकत नाही, फक्त वाणाचं नाव विचारून घ्या. ‘कोबी आहे’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरी नर्सरी बघा.

पायरी तिसरी: जागा आणि माती

निदान सहा तास ऊन हवं. गच्चीवर असाल तर एका रोपाला एक कुंडी, किमान १२ इंच रुंद आणि तेवढीच खोल. लांबट ग्रो बॅगेत दोन रोपांमध्ये फूटभर अंतर.

वाफ्यात लवकरच्या वाणाला ४५ बाय ३० सेंटिमीटर पुरतं, मध्यम वाणाला ४५ बाय ४५. अंतर जितकं कमी तितका गड्डा लहान. घरासाठी हे सोयीचंच आहे. पण फुटाच्या आत घुसवलं तर पानं एकमेकांवर चढतात, हवा खेळत नाही आणि मावा वस्तीला येतो.

हायब्रीड खादाड असतं. दर चौरस मीटरला तीन-चार किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड मातीत कालवा. अर्धकच्चं शेणखत नको, त्यात हुमणीची अंडी-अळ्या येतात. काळी माती असेल तर गादीवाफा करा, पाणी मुळाशी साचता कामा नये. त्या जागी आधी फ्लॉवर, नवलकोल, मुळा किंवा मोहरी असेल तर जागा बदला; सगळी एकाच कुळातली आहेत, रोगही सारखेच.

पायरी चौथी: लागण आणि पुढचे सात-आठ आठवडे

रोपं संध्याकाळी लावा. पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोड मातीत जाऊ द्या, मधला कोंब मात्र मातीखाली जाता कामा नये. सकाळी एखादं रोप जमिनीलगत कापून पडलेलं दिसलं तर भोवतीची माती उकरा. राखाडी, गुंडाळी मारलेली अळी तिथेच सापडते. पुढच्या रोपांभोवती कागदी कपाचा तळ कापून कडं बसवा, दोन सेंटिमीटर मातीत रुतवून.

कोबीची मुळं उथळ असतात. त्याला थोडं थोडं पण नियमित पाणी हवं. कुंडीला हिवाळ्यातही बहुधा रोज, वाफ्याला वाफसा, म्हणजे मातीतला ओलावा, बघून तीन-चार दिवसांनी. माती उघडी ठेवू नका, वाळलेल्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन करा.

तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत देऊन खोडाला मातीची भर द्या. रासायनिक खत चालत असेल तर एका रोपाला अर्धा चहाचा चमचा युरिया, खोडापासून चार बोटं लांब, आणि लगेच पाणी. गड्ड्याची गाठ दिसू लागली की हाच हप्ता एकदा पुन्हा. त्यानंतर नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) थांबवा. जास्तीच्या नत्राने गड्डा मोठा दिसतो पण सैल होतो आणि फुटतो. खोड आतून पोकळ, तपकिरी निघत असेल तर ती बोरॉनची कमतरता. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स विरघळवून एकदाच फवारा. बोरॉन जास्त झालं तर रोपाला विषासारखं बाधतं, म्हणून अंदाजाने चमचे टाकू नका.

एक कळकळीची विनंती. खालची मोठी, पसरलेली पानं काढू नका. ती जागा अडवतात म्हणून अनेक जण तोडून भाजीत टाकतात. गड्ड्याला अन्न तीच पुरवतात. पिवळी पडून गळायला आलेलीच काढा.

पायरी पाचवी: अळी

कोबीवरचा खरा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. पतंग करड्या रंगाचा, बोटाच्या नखाएवढा. पाठीवर पंख मिटून बसला की पांढुरके चौकडे दिसतात. अळी फिकट हिरवी, सेंटिमीटरभर. पान उलटून तिला काडीने डिवचा: ती मागच्या मागे वळवळत सरकते आणि रेशमी धाग्याने खाली लोंबकळते. ही खूण पटली की दुसऱ्या कुठल्या अळीशी गल्लत होत नाही. लहान अळ्या पानाचा खालचा पापुद्रा खातात आणि वरचा तसाच ठेवतात, त्यामुळे पानावर काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक डाग दिसतात.

हा किडा औषधांना पचवतो. जावा बेटावर १९५३ मध्येच तो डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर एकामागून एक औषधं त्याने निकामी केली. तेव्हा गच्चीवर तीव्र कीटकनाशक आणून मारण्याचा विचार सोडा. शिवाय ते आपल्याच ताटात येणार.

त्यापेक्षा जुनी मच्छरदाणी काढा. लागणीच्या दिवशीच वाफ्यावर बांबूच्या कांबी किंवा जुने पाईप वाकवून त्यावर ती ताणा आणि कडा विटांनी दाबा. कोबीला फूल-फळ यायचं नाही, त्यामुळे मधमाशी आत आली नाही तरी काही अडत नाही. म्हणून ही युक्ती काकडी-दोडक्याला चालत नाही, कोबीला चालते. फक्त जाळी पानांना टेकू देऊ नका, पतंग बाहेर बसून भोकातून अंडी घालतो. आणि रोप आत जाण्याआधी पानाची खालची बाजू तपासा, नाहीतर शत्रूला आपणच आत कोंडलेला असतो.

जाळी नको असेल तर मोहरी लावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ही शिफारस आहे: कोबीच्या २५ ओळींच्या कडेला मोहरीच्या दोन ओळी, एक लागणीच्या पंधरा दिवस आधी, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढला जातो. घरी वाफ्याच्या दोन टोकांना स्वयंपाकघरातली मूठभर मोहरी पेरली तरी चालते, पण तिच्यावर आलेल्या अळ्या मारायला विसरायचं नाही.

अळी दिसायला लागली तर ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि किंचित साबणाचं पाणी घालून फवारा. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, साबणाशिवाय थेंब घरंगळून जातात. तेवढ्याने भागलं नाही तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, लिटरला एक ग्रॅम. तेही ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्याची ताकद जाते. फवारा पानाच्या खालून द्या.

मावा आला तर पाण्याची जोरदार धार पुरते.

रोगांत एकाकडे लक्ष ठेवा. पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा पिवळा डाग आणि त्यातल्या काळ्या शिरा म्हणजे काळी कूज. शेतकरी तिला घाण्या रोग म्हणतात. ती बियाण्यातून आणि पाण्याच्या उडण्यातून पसरते. ते रोप उपटून घरच्या कंपोस्टात न टाकता कचऱ्यात द्या, आणि झारी पानांवर धरू नका.

पायरी सहावी: कापणी

गड्डा दिसायला मोठा झाला म्हणजे तयार झाला असं नाही. अंगठ्याने वरून दाबा. दबला तर थांबा. दगडासारखा लागला की कापा. सकाळी, धारदार सुरीने, खालची दोन-तीन बाहेरची पानं ठेवून. ती पानं असली की गड्डा फ्रिजमध्ये जास्त टिकतो.

गड्डा तयार आहे पण तुम्ही चार दिवस गावाला निघालात, तर दोन्ही हातांनी तो धरून पाव वळसा फिरवा. काही मुळं तुटतात, पाणी कमी चढतं आणि गड्डा फुटायचा थांबतो. अवकाळी पाऊस आला की बाजारात फुटके गड्डे का दिसतात, तेही यावरूनच कळतं: कोरड्या मातीत अचानक पाणी आलं की आतली पानं फुगतात आणि बाहेरची फाटतात.

कापल्यावर खुंट लगेच उपटू नका. हवा अजून थंड असेल तर दोन-तीन आठवड्यांत त्याच्या बगलेतून कोंब फुटतात. त्यातले तीन-चार ठेवून बाकीचे खुडा. लिंबाएवढ्या, फार तर मुठीएवढ्या गड्ड्या मिळतात. भरपूर नाही, पण पचडीपुरत्या झक्क.

फेब्रुवारी संपला की खुंट मुळासकट काढा आणि त्या जागी गवार किंवा चवळी पेरा. उरलेलं बी पाकिटासकट घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड कोरड्या जागी ठेवलं तर पुढच्या दोन हंगामांना सहज चालतं. बरणीवर वाणाचं नाव, मुदत आणि खरेदीचं वर्ष लिहून ठेवा.